हेराचं खासगी आयुष्य

नायक समलिंगी असलेली रहस्यकथा वाचून झाली की वाचकांच्या बोलण्यात दोन वाक्यं हमखास येतात. पुस्तक न आवडलेला म्हणतो, 'खून कोणी केला ते सांगा ना, हेर कुणाबरोबर झोपतो याच्याशी आम्हाला काय करायचंय?' आवडलेला म्हणतो, 'रहस्य इतकं छान गुंफलंय की तो समलिंगी आहे हे विसरायलाच होतं.' एक तक्रार आहे, दुसरं कौतुक. पण दोन्हींच्या बुडाशी समजूत एकच आहे. हेर म्हणजे निव्वळ बुद्धी, आणि त्याचं आयुष्य म्हणजे त्या बुद्धीवर चढवलेला अंगरखा. अंगरखा कुठल्याही रंगाचा असो, तपासात फरक पडत नाही. ही समजूत रहस्यकथेच्या कलेलाच धरून नाही असं माझं म्हणणं आहे, आणि जोसेफ हॅन्सनच्या 'फेडआउट' या कादंबरीत ती जेवढी उघडी पडते तेवढी क्वचितच कुठे पडत असेल. या बाबतीत तक्रार करणाऱ्यापेक्षा कौतुक करणारा वाचक जास्त चुकतो. तक्रार करणाऱ्याला निदान खटकणारी गोष्ट दिसलेली तरी असते.

'फेडआउट' 1970 साली न्यूयॉर्कच्या हार्पर अँड रो या बड्या प्रकाशनसंस्थेने काढली. तिचा नायक डेव्ह ब्रँडस्टेटर पोलीस नाही, फी घेऊन फिरणारा खासगी हेरही नाही. लॉस एंजेलिसच्या मेडॅलियन लाइफ या विमा कंपनीसाठी तो मृत्युदाव्यांची शहानिशा करतो. कंपनी त्याच्या वडिलांची. पीमा नावाच्या एका काल्पनिक गावात फॉक्स ओल्सन हा रेडिओवरचा लाडका कलावंत वादळी पावसाच्या रात्री गाडीसकट पुलावरून खाली जातो. गाडी मिळते, माणूस मिळत नाही. गाव त्याला मेलेला धरून हळहळतं, आणि प्रेताशिवाय पैसे द्यायचे कसे, हे पाहायला डेव्ह तिथे येतो. तो येतो तोही सुतकातच. दोन दशकं ज्याच्याबरोबर संसार केला तो रॉड फ्लेमिंग काही आठवड्यांपूर्वीच कॅन्सरने गेलेला आहे. ओल्सनच्या तरुणपणी त्याच्या जिवाभावाचा एक मित्र होता, आणि त्या मित्रापर्यंत पोचल्याशिवाय ओल्सनचं काय झालं याचा पत्ता लागत नाही, एवढं सांगितलं तरी पुरे. खुनी कोण ते इथे फोडत नाही. रहस्यकथेवर लिहिणाऱ्याने एवढी सभ्यता पाळावी.

तपास पुढे कसा सरकतो ते पाहण्यासारखं आहे. ओल्सनला घरचे ओळखतात, कार्यक्रमातले सहकारी ओळखतात, गावचे पुढारीही ओळखतात. गावाच्या हिशेबात संशयाची कारणं ठरलेली आहेत: पैसा, बायकोचं प्रकरण, स्थानिक राजकारण. या यादीत डेव्ह आणखी एक शक्यता घालतो. इतरांपेक्षा त्याची बुद्धी तल्लख आहे म्हणून ती त्याला सुचते असं मुळीच नाही. त्याचं स्वतःचं आयुष्यच त्या शक्यतेवर उभं आहे. लग्न, घर, प्रसिद्धी असं सगळं जमलेल्या माणसाच्या आयुष्यात नेमकी कुठली जागा रिकामी राहिली असेल, हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. पुरावा सगळ्यांच्या समोर पडलेला आहे, तो वाचता येणारा मात्र एकच. रहस्यकथाकाराचा वाचकाशी जो मूळ करार असतो तो हाच: पुरावा लपवायचा नाही, त्याचा अर्थ लपवायचा. अर्थ लपवायला कोणी बंद खोली वापरतं, कोणी जुळे भाऊ, कोणी रेल्वेचं वेळापत्रक. हॅन्सनने तो समाजाच्या सवयीत लपवला. ज्या गोष्टीकडे पाहायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं, तिच्याइतकी सुरक्षित लपणाची जागा दुसरी नाही. अशा पुस्तकाबद्दल 'तो समलिंगी आहे हे विसरायला होतं' असं म्हणणाऱ्याने उलगडा वाचला आहे, पण तो कसा झाला ते वाचलेलं नाही.

नायकाला विम्याच्या धंद्यात आणण्यातही मोठी समज आहे. आयुर्विम्याचा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो, पण दाव्याच्या फाइलमध्ये खरी विचारपूस वेगळीच असते: मेलेल्या माणसाचं आपलं असं कोण होतं? कागदावर नाव कोणाचं, नातं काय, त्याच्या जाण्याने कोणाचं नुकसान झालं? डेव्ह दिवसभर परक्यांना हे प्रश्न विचारतो आणि संध्याकाळी ज्या घरी परततो तिथलं त्याचं स्वतःचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. रॉडच्या मागे तो विधुर नाही, नातेवाईकही नाही. कायद्याच्या लेखी तो रॉडचा कोणीच नव्हता. (खुद्द हॅन्सनचं आयुष्यही रकान्यांत बसणारं नव्हतं. समलिंगी असलेल्या या लेखकाने एका समलिंगी स्त्रीशी लग्न केलं आणि ते 1943 पासून तिच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक टिकलं.) अमेरिकेभर समलिंगी विवाह कायदेशीर व्हायला 2015 साल उजाडावं लागलं. मराठी वाचकानेही ही जुनी, परदेशातली भानगड समजू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी 377 कलमाच्या कचाट्यातून प्रौढांचे संमतीचे संबंध सोडवले, पण ऑक्टोबर 2023 मध्ये विवाहाचा हक्क द्यायला नकार दिला. विमा कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीनुसार आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुलं यांपैकी कोणी नॉमिनी असेल तर रक्कम त्याच्या मालकीची होते. नॉमिनी दुसरा कोणी असेल तर पैसे त्याच्या हाती पडले तरी ते वारसांचे धरले जातात. डेव्हने आज पुण्यात किंवा ठाण्यात वीस वर्षं असाच संसार केला असता आणि जोडीदार मृत्युपत्र न करता गेला असता, तर पॉलिसीवर नाव असूनही दारात भाऊबंद उभे राहिले असते. ही कादंबरी हेरकथा म्हणून कशी उभी राहते हे इथे कळतं. तिचा नायक ज्या प्रश्नाचा व्यावसायिक तज्ज्ञ आहे, तोच प्रश्न त्याच्यावर उलटलेला आहे.

आता 'रहस्यकथेत प्रेमप्रकरण कशाला' या तक्रारीकडे येऊ. तिला वंशावळ आहे, हे मान्य केलं पाहिजे. एस. एस. व्हॅन डाइनने 1928 मध्ये रहस्यकथेसाठी वीस नियम छापले आणि त्यांत प्रेमकथेला मज्जाव केला. पण हा नियम त्याच्या आधी सगळ्यांनी पाळला नव्हता आणि नंतरही पाळला नाही. ई. सी. बेंटलीच्या 'ट्रेंट्स लास्ट केस'मधला (1913) हेर मृताच्या विधवेच्या प्रेमात पडतो आणि त्या प्रेमामुळेच तपासात अडखळतो. डॅशिएल हॅमेटच्या 'द माल्टीज फाल्कन'चा (1930) शेवट तर सॅम स्पेड आपल्या प्रेयसीला पोलिसांच्या हवाली करतो की नाही यावरच तोललेला आहे. डोरोथी सेयर्सच्या 'गॉडी नाइट'मध्ये (1935) खूनच नाही. हॅरिएट व्हेन लॉर्ड पीटरला होकार देणार का, हा प्रश्न मात्र पानोपानी आहे. ही पुस्तकं वाचून 'हेर कुणाबरोबर झोपतो याच्याशी आम्हाला काय करायचंय' असं म्हणणारा वाचक शोधूनच काढावा लागेल. तसा कोणी असेलही. कोडं तेवढं हवं, माणसं नकोत, अशी आवड असायला हरकत नाही आणि त्या वाचकाशी माझं भांडण नाही. त्याने स्पेडलाही नापास करावं, म्हणजे झालं. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र हरकत प्रेमाला नाही, दिसण्याला आहे. हेराचं बाईवरचं प्रेम पानात मिसळून जातं, कारण ते वाचकाने आधीच गृहीत धरलेलं असतं. पुरुषावरचं प्रेम, कितीही संयमाने लिहिलं तरी, 'फार होतं'. 'फेडआउट'मध्ये शय्येपेक्षा शोकाला जास्त जागा आहे. तरी ती जागा अनेकांना जास्त वाटते, हे लक्षात घ्यावं.

याहून बुद्धिमान हरकत वेगळी आहे. ती अशी: हेराचं समलिंगी असणंच तपासाचं साधन असेल, तर कोडं न्याय्य राहत नाही. ज्याच्याकडे तो अनुभव नाही त्या वाचकाने उलगडा करायचा कसा? ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नाही, कारण रहस्यकथेत न्याय्यपणाला खरोखर मोल आहे. पण मग ती होम्सपासूनच लावावी लागेल. तंबाखूच्या राखेवर प्रबंध लिहिणाऱ्या माणसाइतकी राख कोणता वाचक ओळखतो? अधिक जवळचं उदाहरण चेस्टरटनच्या फादर ब्राउनचं आहे. 1910 मधल्या पहिल्याच कथेत हा साधाभोळा दिसणारा पाद्री चोराच्या क्लृप्त्या ओळखतो, कारण आयुष्यभर त्याने लोकांच्या पापांचे कबुलीजबाब ऐकलेले आहेत. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल गावातल्या बारीकसारीक लबाड्यांवरून खुनी ओळखते, आणि तिला हे जमतं याचं एक कारण असं की अविवाहित म्हातारीकडे कोणी लक्ष देत नाही. तिच्यासमोर माणसं बिनधास्त वावरतात. म्हणजे पाद्रीपण आणि म्हातारपण ही दोन्ही तपासाची साधनं झाली, आणि वाचकाने ती आनंदाने स्वीकारली. यात अन्याय नाही, कारण लेखक ती नजर हळूहळू आपल्याला उसनी देतो. दोन-तीन कथांनंतर आपणही मिस मार्पलसारखे मोलकरणीच्या वागण्याकडे बघू लागतो. हॅन्सनही तेच करतो. 'फेडआउट'चं पहिलं प्रकरणच डेव्हच्या दुःखाशी ओळख करून देतं, आणि ज्याने ते नीट वाचलं त्याच्या हाती पुढच्या उलगड्याला लागणारी नजर आलेली असते. ज्याने ते 'खासगी' म्हणून चाळलं, त्याला शेवट अन्यायाचा वाटला तर दोष कोड्याचा नाही.

याचा सर्वांत कडक पुरावा मालिकेतच पुढे सापडतो. डेव्ह ब्रँडस्टेटरच्या एकूण बारा कादंबऱ्या आल्या, 1970 ते 1991 या काळात. 1987 च्या 'अर्ली ग्रेव्ह्ज'मध्ये एकामागून एक तरुण भोसकून मारले जातात आणि त्यांतल्या एकाचं प्रेत डेव्हच्याच दारात येऊन पडतं. मेलेले सगळे एड्सचे रोगी. त्या काळी या रोगावर टिकाऊ उपचार नव्हता, म्हणजे ही माणसं तशीही मरणारच होती. मग त्यांना मारायचं कशाला? रहस्यकथेच्या इतिहासातला हा एक उत्तम प्रश्न आहे, आणि निव्वळ बुद्धीच्या बळावर तो सुटत नाही. त्यासाठी एखाद्या शहरात कोण कुणाच्या ओळखीचं आहे, कोण कुणाला लपवतं, भीती कुठल्या घरात कशी शिरते, हे माहीत असावं लागतं. डेव्हला ते माहीत आहे, कारण ते त्याचंच शहर आहे आणि त्याचेच लोक मरताहेत. या कादंबरीबद्दल 'विसरायला होतं' असं म्हणायला फार कसरत करावी लागेल.

वाचकांची मतं आकाशातून पडत नाहीत; कोणीतरी त्यांना आधी वळण लावलेलं असतं. हॅन्सनच्या चार वर्षं आधी, 1966 साली, जॉर्ज बॅक्स्टची 'अ क्विअर काइंड ऑफ डेथ' आली. तिचा हेर फेरो लव्ह हा न्यूयॉर्क पोलिसांतला कृष्णवर्णीय समलिंगी अधिकारी. त्या काळी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रहस्यकथांचा निवाडा करणाऱ्या अँथनी बाउचरने तिचं भरघोस कौतुक केलं, चुकवू नका असं बजावलं, आणि त्याच दमात वाचकांना सावधही केलं: यात मॅनहॅटनमधलं नीतिमत्ता नावालाही नसलेलं एक जग आहे, काहींना धक्का बसेल. एवढा रसिक समीक्षक, पण शिफारस इशाऱ्यासकट. अशा इशाऱ्यांवर वाढलेला वाचक समलिंगी पात्र असलेलं पुस्तक उघडताना सनसनाटीच्या तयारीने बसतो, आणि ती मिळाली नाही की 'विसरायला होतं' म्हणून कौतुक करतो. त्या कौतुकात सुटकेचा निःश्वास आहे. हॅन्सनने तो इशाराच निरुपयोगी केला. तोवर त्याने जेम्स कोल्टन या टोपणनावाने लिहिलेली समलिंगी विषयावरची पुस्तकं स्वस्त पेपरबॅकांच्या, आडबाजूला ठेवायच्या कप्प्यात विकली जात होती. 'फेडआउट' सहज छापली गेली नाही. अखेर हार्परच्या रहस्यकथा विभागाच्या संपादक जोन कान यांनी ती घेतली, आणि आयुष्याची तीच सामग्री सार्वजनिक वाचनालयात ख्रिस्तीच्या शेजारी येऊन उभी राहिली. ज्या कॅलिफोर्नियात डेव्ह हिंडतो तिथे दोन पुरुषांमधला संबंध तेव्हा गुन्हा होता. तो कायदा 1975 मध्ये बदलला आणि बदल 1976 पासून लागू झाला. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं ते डिसेंबर 1973 मध्ये. म्हणजे 1970 च्या वाचकापुढे आलेला हा शांत, नेमका, व्यवहारी तपासनीस कायद्याने गुन्हेगार आणि वैद्यकाने रोगी होता. तो तसा वाटत नाही, यातच लेखकाची सगळी हुशारी. पण 'वाटत नाही' आणि 'त्याने फरक पडत नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

समलिंगी वाचकांकडून आलेली हरकत याच्या नेमकी उलट आहे, आणि तिला मी जास्त वजन देतो. ती म्हणते: या पुस्तकांत बळीही आमचे आणि कधीकधी खुनीही आमचेच, ही बदनामी नाही का? या हरकतीमागे इतिहास आहे. 'माल्टीज फाल्कन'मधला अत्तर लावणारा जोएल कैरो, रेमंड चँडलरच्या 'द बिग स्लीप'मधला (1939) अश्लील पुस्तकांचा धंदा करणारा गायगर आणि त्याच्याबरोबर राहणारा पोरगा, ही पात्रं रचलीच आहेत ती नायकाच्या मर्दपणाला उठाव यावा म्हणून. पिढ्यानपिढ्या हेच वाचलेल्याला आणखी एक समलिंगी खुनी नकोसा वाटला तर त्याला दोष कसा द्यायचा? तरीही हॅन्सनने ही हरकत मानली नाही, आणि मला त्याचं पटतं. रहस्यकथेत संशयितांच्या यादीत असणं म्हणजे त्या जगाचा पुरा नागरिक असणं. ज्याच्यावर कधीच संशय येऊ शकत नाही तो पाहुणा असतो, घरचा नसतो. चँडलरच्या पुस्तकात अशी माणसं फक्त घाणीच्या बाजूला आहेत. हॅन्सनच्या पुस्तकात ती तपास करतात, साक्ष देतात, खोटं बोलतात, मरतात, शोक करतात, आणि वेळप्रसंगी खूनही करतात. इथे मोजदाद नुसत्या खुन्यांची करून चालत नाही. एका बाजूला एक खुनी आणि शून्य हेर, दुसऱ्या बाजूला एक खुनी, एक हेर आणि साधीसुधी दहा माणसं. आकडा एकच, पुस्तकं वेगळी.

मात्र एक हरकत उरतेच, आणि तिच्यापुढे हॅन्सनचा बचाव मला पूर्ण करता येत नाही. डेव्ह फार सोयीचा आहे. गोरा, पुरुषी, महायुद्धात लढलेला, मालकाचा मुलगा, पैशाची चणचण नसलेला. ज्या वाचकाला समलिंगी माणूस पचवायचा नव्हता त्याच्या घशाखाली उतरावा म्हणून इतक्या सोयी केल्या असाव्यात असा संशय येतो. निदान परिणाम तरी तोच झाला. 'विसरायला होतं' या कौतुकाला काही अंशी हॅन्सनने स्वतःच निमंत्रण दिलं. पुढच्या पुस्तकांत डेव्हच्या आयुष्यात सेसिल हॅरिस हा तरुण कृष्णवर्णीय पत्रकार येतो आणि चौकट थोडी सैलावते, पण नायकाची पत शेवटपर्यंत शाबूत राहते. या हरकतीचं उत्तर मायकेल नावा यांनी दिलं. मेक्सिकन वंशाचे हे कॅलिफोर्नियातले वकील आणि कादंबरीकार. त्यांच्या 'द लिटल डेथ'चा (1986) नायक हेन्री रियोस हाही मेक्सिकन वंशाचा वकील, दारूशी झगडणारा, ज्याच्या पाठीशी बापाची कंपनी नाही. ह्यू पॅरिस नावाच्या श्रीमंत घरातल्या व्यसनी तरुणावर त्याचं प्रेम बसतं, ह्यू मरतो, आणि तो मृत्यू खून होता हे सिद्ध करायला रियोस एकटा उरतो. त्याच्याकडे नात्याचा कागद नाही, म्हणून विचारायचा अधिकारही नाही.

तीस वर्षांनी, 2016 साली, नावा यांनी हीच कादंबरी 'ले युअर स्लीपिंग हेड' या नावाने नव्याने लिहून काढली. आपल्या जुन्या रहस्यकथेवर लेखक पुन्हा बसतो तेव्हा तो सहसा कोडं घट्ट करतो, पुराव्यांतल्या फटी बुजवतो. नावा यांनी रियोस आणि ह्यू यांच्या संबंधाला अधिक जागा दिली. 'खून कोणी केला तेवढं सांगा' म्हणणाऱ्या वाचकाच्या दृष्टीने ही भर अनावश्यक ठरते, आणि 'विसरायला होतं' म्हणणाऱ्याला तर ती विसरूच देत नाही. पण दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचली तर नव्या पुस्तकातला तपास जास्त पटतो, कारण थोड्याच दिवसांच्या ओळखीच्या माणसासाठी एखादा वकील आपली नोकरी, अब्रू आणि जीव पणाला का लावतो, याचं कारण आता पानावर आलेलं आहे.